डावा कॉक

"पाठ," आबा म्हणाले, आणि आम्ही दोघांनी पाण्याकडे पाठ केली.

मागे तराफा कलला. रबराची नळी फळ्यांवरून घासत गेली, कमरपट्ट्याची कडी वाजली, कोणीतरी खाकरलं. मग दिगूचा आवाज आला, "वैनी, आज हवेत जरा वेलची घाल गो."

"सुंठ घालतंय," मी न वळता म्हणाले. "तुझ्या डोस्क्यातलो वारो तरी उतरतलो."

"दादाच्या नळयेत घाल. तेचा डोक्या माझ्यापेक्षा मोठा."

पाण्यात उतरताना हे कधी बोलत नसत, देवळाच्या पायरीवर गप्प होतात तसे गप्प होत. तराफ्याखालच्या पत्र्याच्या पिंपावर दोन टकटक झाल्या. म्हणजे दोघांची डोकी पाण्याखाली गेली. आबा "हां" म्हणाले आणि आम्ही वळलो. धरणाच्या हिरव्या पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन जागा उकळत होत्या. कुठली कोणाची ते ओळखायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. आम्ही मालवणकडचे गाबीत, घर समुद्राला लागून. पण आमच्या घरचे पुरुष माशांपेक्षा लोखंडाच्या मागे जास्त बुडाले. आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते बंदरात बुडालेल्या होड्या वर काढत. पुढे कुणाच्या तोंडून कुणाला कळत घाटावरच्या धरणांपर्यंत बातमी गेली की, पाण्याखाली अडकलेला दरवाजा मोकळा करणारी माणसं कोकणात मिळतात. मग उन्हाळा आला की आम्ही टेम्पोत कॉम्प्रेसर टाकायचो आणि घाट चढायचो. खाली जाणारे दोघे भाऊ. थोरले आमचे हे, यशवंत. नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, कागदावर चालतं. धाकटा दिगंबर. वर आबा आणि मी. आबा खुणेचा दोर धरायचे, मी हवा सांभाळायची.

हवा मी शिकले ती भीतीने. लग्न होऊन आले तेव्हा कॉम्प्रेसरवर एक म्हातारा बसायचा. बिडी ओढायचा आणि बिडी विझली की पेंगायचा. ह्यांच्या छातीत जाणारी हवा त्या माणसाच्या हाताखालून जाते हे बघून मी त्याच्या शेजारीच बसून राहायची, पेंगला की हलवायची. एका पावसाळ्यात काम बंद असताना मी ते यंत्र घरामागच्या परड्यात उघडलं. निघेल तो भाग सुपात क्रमाने मांडत गेले, पुसला, आणि उलट्या क्रमाने परत बसवला. एक वायसर उरला. यंत्र त्याच्याशिवाय आधीपेक्षा बरं चाललं. मला सातवीपुढे शाळा नव्हती, पण त्या दिवसापासून आबा मला "मिस्त्री" म्हणू लागले. दुसऱ्या वर्षी म्हातारा गेला आणि मी बसले.

यंत्र साधं होतं. इंजिन हवा दाबून टाकीत भरतं. टाकीच्या डोक्यावर एक व्हॉल्व्ह. दाब फार झाला की तो आपोआप उघडतो आणि शिट्टी मारून जादा हवा सोडून देतो, नाहीतर टाकी फुटेल. रोज सकाळी त्याची कडी ओढून बघायची, उघडतो का आणि परत बसतो का. टाकीतून हवा फिल्टरमध्ये जाते. फिल्टर म्हणजे हातभर उंचीचं लोखंडी भांडं, खाली-वर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या आणि मधे कोळसा. इंजिनाच्या तेलाची वाफ आणि वास तिथे अडतो. फिल्टरनंतर दाबाचा काटा, आणि काट्याच्या पुढे दोन कॉक, म्हणजे हवा उघडायच्या-बंद करायच्या तोट्या, डावा आणि उजवा. प्रत्येकाला एक नळी, नळीच्या टोकाला एक माणूस.

नियम त्या दोन कॉकांचा होता. हवा दोघांना पुरेनाशी झाली तर एक कॉक बंद करायचा. ज्याचा बंद होईल त्यानं छातीत आहे तेवढ्या हवेवर, ती हळूहळू सोडत, वर यायचं. साठ फुटांवरून माणूस येतो, दोघांनाही सराव होता. तोपर्यंत दुसऱ्याला पुरती हवा मिळते. न बंद करावं तर अर्धी अर्धी होऊन दोघांनाही काही मिळत नाही.

आणि बंद करायचा तो नेहमी डावा.

आबांच्या तरुणपणी एकदा हवेच्या हातपंपावर असलेला माणूस, कोणाची बंद करू, कोणाची बंद करू, करत बसला होता. खाली त्याचा भाचा होता आणि मित्र होता. त्याचा विचार संपेपर्यंत दोघेही संपले. त्यानंतर आबांनी नियम केला. उजवा हात देवाचा, म्हणून बंद करायचा डावा. डाव्या नळीवर कोण जातो ते खाली जाणाऱ्यांनी आपसांत ठरवायचं, वरच्यांनी बघायचं नाही. म्हणून ती पाठ.

"वरच्याक तोंड दिसला की हात चुकता," आबा म्हणायचे. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला म्हणाले, "तू एकाची बायल आसस. म्हणान तुझी पाठ सगळ्यांच्या आदी फिरूक व्हयी."

मला तो नियम फार आवडला होता. वाटलं, किती न्यायाचं घर मिळालं मला.

धरणाचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. मे महिना उतरणीला लागला होता. दरवाजा ज्या खाचेतून खाली सरकतो त्या खाचेत झाडाचं खोड अडकलं होतं. खाचेच्या पुढे जाड लोखंडी गजांची जाळी, जाळीत माणूस जेमतेम शिरेल एवढी खिडकी. एकानं खिडकीतून आत जायचं आणि करवतीनं खोड कापायचं, दुसऱ्यानं बाहेर राहून तुकडे ओढून घ्यायचे. पाऊस लागायच्या आत दरवाजा बंद व्हायला हवा होता. शाखा अभियंता शेवाळे साहेब सकाळीच धरणाच्या भिंतीवर छत्री घेऊन उभे होते. ऊन नव्हतं, आभाळ तीन दिवस भरलेलं होतं, पण साहेबाला छत्री लागतेच.

ते खाली तराफ्यावर आले तेव्हा मी फिल्टर उघडून बसले होते.

"हा कोळसा कुठला, बाई?"

"नारळाच्या करवंटीचा. घरी करते."

"घरी?"

"डब्यात करवंट्या भरून झाकण लावायचं आणि खालून जाळ घालायचा. मग कुटायचा. रव्याच्या चाळणीनं चाळायचा."

"कुणी शिकवलं?"

"कोणी नाही. आधीच्या सरकारी कोळशाच्या पुडक्यावर नारळाचं चित्र होतं, त्यावरून कळलं."

साहेब हसले. "आमच्या खात्यात यायला हवं तुम्ही."

दिगू लांबून ओरडला, "साहेब, घेऊन जावा. घरात रव्याची चाळण एकच आसा, शिरो काळो होता."

हे म्हणाले, "शिरो खातस ना? मगे गप."

असं चाललं होतं. दोन वर्षं मी तोच कोळसा वापरत होते आणि एकदाही तक्रार नव्हती. फक्त त्या वेळी मी तो धुतला नव्हता. एरवी कुटल्यावर मी तो चार पाण्यांनी धुवायची, म्हणजे भुकटी निघून जाते, आणि दोन दिवस कडकडीत उन्हात घालायची. त्या आठवड्यात ऊन नव्हतं. ओला कोळसा भरण्यापेक्षा न धुतलेला कोरडा बरा, असं मी ठरवलं. फुंकून फुंकून जेवढी भुकटी उडेल तेवढी उडवली. व्हॉल्व्हची कडी ओढली, तो खणखणीत वाजला आणि नीट बसला. यंत्राला हळदीकुंकू लावलं. काही राहिलं नव्हतं.

पहिली बुडी तासाभराची झाली. दोघे वर आले, चहा प्याले, थंडीने दिगूचे ओठ निळे पडले होते. अर्धं खोड कापलं गेलं होतं. "आता घासभर उरलाहा," तो म्हणाला. "जेवच्या आदी मोकळा करतंव."

मग ती दुसरी बुडी, जिच्यापासून मी सुरुवात केली. पाठ, वेलची, सुंठ, दोन टकटक.

अर्धा तास बरा गेला. आबा दोर बोटांत धरून बसले होते. दोर एकच, खाली जाळीपाशी वजन बांधून सोडलेला. दोघांपैकी कोणीही त्याला हिसके द्यायचे. एक हिसका, सगळं ठीक. तीन हिसके, हवा नाही. अधूनमधून एकेक हिसका येत होता. मी भाजीला शेंगा सोलत होते. इंजिनाचा आवाज मला घड्याळासारखा होता, तो बदलला नाही तोवर मान वर करायचं कारण नव्हतं.

मग टाकीवरचा व्हॉल्व्ह शिट्टी मारू लागला.

मला बरं वाटलं. खरं तेच सांगते, मला बरं वाटलं. व्हॉल्व्ह वाजतो तो हवा जादा झाली म्हणून. पोरांचं काम हलकं झालं असेल, ओढ कमी झाली असेल, असं मनात आलं. मी आबांना म्हणालेसुद्धा, "भरपूर आसा आज." आणि आणखी दोन शेंगा सोलल्या.

शिट्टी थांबेना, तेव्हा मी काट्याकडे बघितलं. काटा सहावर असायला हवा, तो साडेतीनवर होता.

टाकी हवेने फुटायला आली होती आणि पुढे हवा जात नव्हती. कोळशाची भुकटी हवेतल्या ओलीनं भिजली होती, तिचा चिखल होऊन वरच्या नमद्यात बसला होता. माझ्या डोळ्यांदेखत हवा आभाळात शिट्ट्या मारत वाया जात होती आणि साठ फूट खाली दोन माणसं रिकाम्या नळ्या चोखत होती.

मी फिल्टरच्या बुडाची चावी उघडली. काळा रबरबीत गाळ फळ्यांवर थुंकल्यासारखा पडला. काटा हलला नाही. तीन. पावणेतीन.

"तीन," आबा म्हणाले. मला वाटलं तेही काटाच वाचतायत. पण ते दोराकडे बघत होते. "तीन हिसके. शालन, एक बंद कर."

मी हात पुढे केला आणि कॉक बंद केला.

काटा चढला. साडेतीन, चार. आबा पाण्याकडे बघत होते. ज्याची नळी बंद झाली तो आता येईल, डोकं वर काढेल, शिव्या देईल. दिगू असला तर शिव्या देईल, हे असले तर नुसता श्वास घेतील. मी चावी उघडी ठेवून फिल्टरच्या भांड्यावर पान्याने ठोकत होते. गाळ पडत होता. साडेचार. कोणी आलं नाही. आबा तोंडाने आकडे मोजत होते, मला त्यांचे ओठ दिसत होते. शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. काटा पाचला टेकला आणि मी बंद केलेला कॉक उघडला. आता दोन्ही उघडे होते, दोघांना हवा होती. व्हॉल्व्हची शिट्टीही थांबली. फार शांत झालं.

हे वर आले ते एका हाताने. दुसऱ्या हाताखाली दिगू होता. दोघांच्याही कमरेला नळी नव्हती, नळ्या खालीच सोडल्या होत्या. ह्यांची बोटं गजांनी सोलून निघाली होती. आबांनी दिगूला काखेत धरून वर खेचला, ह्यांनी खालून ढकलला. पालथा घालून पाठ दाबली, उताणा करून छाती दाबली, तोंडात फुंकलं. साहेब भिंतीवरून धावत आले. छत्री पाण्यात पडली, ती बराच वेळ तरंगत होती. जीप आणली. पण आबांनी तोवर दिगूचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या केसांतला शेवाळाचा धागा काढत होते. मला ते बघून कळलं.

"भुतूर होतो," हे म्हणाले. दात वाजत होते. "मी भायर होतंय. तो भुतूर करवतीर. हवा कमी झाली तशी तो वळलो, खिडकीत पट्टो अडाकलो. मी माझ्या तोंडातली नळी काढून तेच्या तोंडाक लायलंय. तेचे दात बसले होते. उघडले नाय."

आबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

"डावो बंद केलंस?"

"होय, आबा."

मग ह्यांच्याकडे बघितलं. "तू?"

ह्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला. धापा टाकत होते, म्हणून असेल असं कुणालाही वाटलं असतं.

"उजव्यार," हे म्हणाले. "मी उजव्यार होतंय."

आबांनी डोळे मिटले. "म्हणजे माझ्याच नेमान खाल्ल्यान तेका," ते म्हणाले. पुढे तीन वर्षं जगले, पण या विषयावर तेवढंच एक वाक्य बोलले.

पंचनामा झाला तेव्हा कोणी विचारायच्या आत मी बोलले. कोळसा घरचा, भुकटी धुतली नव्हती, फिल्टर चोंदला, चूक माझी. फौजदारांना सांगितलं, साहेबांना सांगितलं, घरी आल्यावर वाडीतल्या प्रत्येक माणसाला सांगितलं. काळा गाळ पुडीत बांधून आणला होता, तो दाखवला. इतक्या वेळा सांगितलं की, लोक मलाच समजावू लागले. बाई, तुझ्या हातून झालं, पण तुझ्या मनात नव्हतं. फौजदार म्हणाले, एवढ्या सरळ मनाची बाई मी बघितली नाही.

दिगूची बायको रतन. एका चुलीवर आम्ही दोघी अकरा वर्षं रांधत होतो. तेराव्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ते तिच्या हक्काचं होतं. सोळाव्या दिवशी मी विहिरीवर कपडे धूत होते, तर ती आली आणि माझ्या हातातलं ओलं धोतर घेऊन पिळू लागली.

"कोळशाचा माका राग येता," ती म्हणाली. "येतलो. त्येका मी काय करू. पण कॉकाचा तू मनात घेव नको. तू थोडीच बघलं होतंस कोण खयच्या नळयेर तो? तुझी पाठ होती. ता देवान केला."

"होय," मी म्हणाले.

"भावोजी जरी डाव्यार असते तरी तू बंद केलंच असतंस."

"होय."

"मगे रडतंस कित्याक?" असं म्हणून ती स्वतःच रडू लागली आणि मी तिला जवळ घेतलं. माझ्या अंगाला साबणाचा फेस होता. तो तिच्या पाठीला लागला, तेवढं मला आठवतं.

आता सांगते.

पाठ फिरवली की माझं तोंड यंत्राकडे व्हायचं. यंत्रावर दाबाचा काटा, काट्यावर वाटीएवढी गोल काच. बाहेर उजेड असला की त्या काचेत मागचा तराफा दिसतो, बारीक आणि वाकडा, पण दिसतो. बुटका रुंद माणूस कुठल्या बाजूची नळी कमरेला लावतो आणि उंच काटकुळा कुठली, एवढं कळायला तेवढी काच पुरे होते. पहिल्या वर्षी ते चुकून दिसलं. दुसऱ्या वर्षीपासून मी ती काच रोज सकाळी पदराने पुसू लागले. शिरस्त्याची कामं करताना मी किती चोख आहे याचं आबांना कौतुक होतं.

त्यानं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगायची. नुसतं बघायचं. आज माझा माणूस कुठे आहे एवढं ठाऊक असावं, बस. आठ वर्षांत कधी कॉक बंद करायची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी बुटका रुंद माणूस, म्हणजे आमचे हे, डाव्या नळीवर होता.

आबा "एक बंद कर" म्हणाले तेव्हा मी विचार केला नाही. कोणाची बंद करू, कोणाची बंद करू, असं माझं झालंच नाही. हात सरळ उजव्या कॉककडे गेला. पोळी करपायला लागली की हात जसा जातो तसा.

आणि हे बाहेर होते. मोकळ्या पाण्यात, दोराजवळ. मी नियमाप्रमाणे डावा बंद केला असता तर हे छातीतल्या हवेवर वर आले असते. सराव होताच. खोकले असते, चहा मागितला असता. आत अडकलेल्या दिगूला पुरती हवा मिळाली असती आणि त्यानं सावकाश पट्टा सोडवला असता. आबांचा नियम इतका चांगला होता की, त्या दिवशी त्यानं दोघांनाही वाचवलं असतं.

ही गोष्ट ह्यांना तराफ्यावर चढायच्या आधीच कळली होती. हे डाव्यावर होते. तीन हिसके ह्यांनीच दिले होते. आपली नळी बंद होईल म्हणून हे छाती भरून, दोर धरून तयार होते. नळी बंद झाली नाही. उलट हवा वाढली. आणि समोर गजांआड भाऊ हातवारे करू लागला.

तरी हे "उजव्यार" म्हणाले. बापाच्या मांडीवर भावाचं डोकं असताना म्हणाले.

घरी आल्यावर मी वाट बघितली. मारतील, बोलतील, माहेरी धाडतील. ह्यांनी काही केलं नाही. जेवायला बसायचे, ताट संपवायचे. एकदा मीच ओसरीवर म्हणाले, "आबांक सांगूया काय?" कारण आबा तेव्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागले होते. स्वतःच्या नियमाने मुलगा खाल्ला, हे ते पोटात घेऊन मरणार, हे दिसत होतं. एका वाक्यानं ते ओझं उतरलं असतं.

हे जाळ्याची गाठ मारत होते. ती पुरी मारली.

"आणि मगे रतनीक कोण सांगतलो?" हे म्हणाले. "एका घरात ऱ्हवचा आसा तुका."

आम्ही सांगितलं नाही. आबा तसेच गेले.

दिगू गेला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका धरणाचं बोलावणं आलं होतं. मी येणार नाही म्हणाले. हे म्हणाले, "दुसऱ्याच्या हातची हवा माका नको." मी बाजारचा कोळसा आणला, चार पाण्यांनी धुतला, सुकवला. आबा आले नाहीत. दोरावर एक चुलतसासरे होते, दुसऱ्या नळीवर देवगडकडचा एक बुड्या मारणारा, तीन लहान मुलांचा बाप. पहिल्या सकाळी मी यंत्राला हळदीकुंकू लावलं, व्हॉल्व्हची कडी ओढून बघितली आणि "पाठ" ऐकायची वाट बघत बसले.

कोणी म्हणालं नाही. हे माझ्या समोर येऊन उभे राहिले. डावी नळी उचलली, माझ्या डोळ्यांपुढे धरली आणि कडी कमरेच्या पट्ट्यात अडकवली.

"बघलंस?"

"बघलंय."

"काचेत बघूक नको. ही डावी. हेच्यार मी."

देवगडवाला लांबून म्हणाला, "दादा, तुमच्यात पाठ करतत ना?"

"आता नाय करीत," हे म्हणाले. माझ्यावरची नजर काढली नाही. आवाज खाली केला. "वेळ इली तर खयचो बंद करतलंस?"

"डावो."

"माझो आसा ता ठावूक असताना?"

देवगडवाला नळीचं तोंड पुसत होता. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात पितळी ताईत होता, तो पाण्यात जाताना दातांत धरायची सवय असावी, दातांच्या खुणा होत्या.

"होय," मी म्हणाले. आबांना म्हटलं होतं, तसंच.

ह्यांनी कमरेची कडी एकदा ओढून बघितली. मग पाण्यात उतरले.